फ्रीजवरचे बेल्ट

फ्रीज सुरू होताना आधी कण्हतो, मग थरथरतो, आणि त्याच्या डोक्यावरची दोन खोकी एकमेकांना घासून खुळखुळतात. दुपारी बुटकी, माझी लेक, झोपलेली असते, सासूबाई आपल्या खोलीत पडलेल्या असतात, घरात सुई पडली तरी ऐकू येईल इतकं सामसूम असतं, आणि तेवढ्यात हे सुरू होतं. जणू कुणी विचारतंय, काय मग, ठरलं का?

नाही ठरलं.

खोक्यांत माझ्या मोटरसायकलचे टायमिंग बेल्ट आहेत, इंजिनाची लय राखणारे दातेरी रबरी पट्टे. एका खोक्यात गाडीच्या कंपनीचा, दुसऱ्यात वेगळ्याच कंपनीचा. आमच्याकडे त्यांना नावंही पडलीत, घरचा आणि बाहेरचा. दुकानदाराने दोन्ही दिलेत, हवं ते ठेवा आणि नको ते खोकं न फोडता परत आणा म्हणाला. त्यालाही आता बरेच दिवस झाले.

गाडी जिन्याखाली जुनी चादर पांघरून उभी आहे. बुटकीची चाहूल लागली तेव्हा थोड्या दिवसांसाठी म्हणून उभी केली, ती तिथेच राहिली. बुटकी आता स्वतःच्या चपला स्वतः घालते, उलट्या का होईना. मला एवढंच हवंय की एकदा, एकदाच, एकटीने गाडी काढावी. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही, खांद्याला दुधाच्या बाटलीची पिशवी नाही. हे मोठ्याने बोलायला मला वर्ष लागलं. बोलले, तर बेल्ट आडवा आला.

मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण ते स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून रोग सांगतात. त्यांनी झाकण उघडून बेल्ट बोटाने दाबून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. हा रबराचा बेल्ट चालून झिजतो तसा नुसता बसूनही म्हातारा होतो, म्हणाले. तुटला की आतले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात, इंजिन गेलंच समजा. आणि धावत्या गाडीत तुटला तर मागचं चाकही अडकू शकतं. हे शेवटचं ते सहज बोलून गेले. पण नवरा शेजारी उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते वाक्य येऊन बसलं, ते उठलंच नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, यातला कुठला बसवू?

"तुम्ही सांगाल तो," ते म्हणाले. "दोन्ही बसवतो मी. रडत दोन्हीवाले येतात."

मग त्यांनी जवळ जाणार की लांब, असं विचारलं. मी बघू म्हणाले.

तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. नवरा घरच्याच्या बाजूचा. ज्याने इंजिन केलं त्यालाच त्याची नाडी ठाऊक, म्हणतो. मग रात्री जेवता जेवता स्वतःच म्हणतो, पण बाहेरच्यात धागा जास्त मजबूत असतो असं ऑफिसातला एकजण सांगत होता. मी बाहेरच्यावर यावं तर हा घरच्यावर गेलेला असतो, मी घरच्यावर जावं तर हा म्हणतो घाई कशाला, अजून कुणाला तरी विचारू. त्याने त्याच्या मामांना विचारलं. मामांकडे आयुष्यभर सायकल होती, तरी त्यांनी अर्धा तास मत दिलं. माझं डोकं असं झालं की भाजीला मीठ घातलं की नाही हे आठवेना, आणि दोनदा घातलं.

सासूबाई मात्र ठाम. खारट भाजी बाजूला सारत म्हणाल्या, "बाहेरचाच घे. आमच्या घरात तरी सगळं बाहेरून आलेल्यांनीच चालवलंय. मी आले, तू आलीस. घरचे बसलेत सोफ्यावर."

सोफ्यावर नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

आज दुपारी फ्रीज खुळखुळला नाही. माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, आणि आतून फार शहाणी, फार गोड शांतता येत होती. मूल असलेल्या घरात अशी शांतता म्हणजे धोक्याची घंटा.

बुटकी स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून बसली होती. शेजारी स्टूल, दोन्ही खोकी फाटलेली. मी संध्याकाळसाठी मळून ठेवलेली कणीक तिने फरशीवर थापली होती आणि त्यावर बेल्ट दाबून काढत होती. दातेरी, सरळ, लांब ठसे. "आगगाडी," तिने समजावलं. "ही तुझी, ही बाबाची."

ओरडायला तोंड उघडलं होतं मी. पण खाली बसले. एका ठशाजवळ घरचा बेल्ट पडला होता, दुसऱ्याजवळ बाहेरचा. मी बेल्ट उचलून बाजूला ठेवले आणि ठशांकडे पाहिलं. दात सारखे, अंतर सारखं, रुंदी सारखी. कुठली आगगाडी कुणाची, बुटकीलाही पुन्हा सांगता येईना. एकदा ही बाबाची म्हणाली, एकदा ती.

ओल्या फडक्याने एकेक बेल्ट पुसताना मागची छापील अक्षरं मी पहिल्यांदाच नीट वाचली. दुकानातून आणल्यापासून खोकं न फोडता किती चर्चा केल्या आम्ही. बाहेरच्यावर याच वर्षीची तारीख होती. घरच्यावरची तारीख बुटकीच्या जन्माच्याही आधीची. म्हणजे हाही बिचारा कुठल्यातरी फळीवर अंधारात बसून होता, माझ्या गाडीइतकाच.

नवऱ्याला फोन केला. दोन्ही खोकी फुटली, परत काही जात नाही, असं सांगितलं. तारखाही सांगितल्या. तो म्हणाला, मग आता मामांना परत एकदा... आणि थांबला. मागे त्याच्या ऑफिसातला पंखा ऐकू येत होता.

"तुला बेल्टचं काहीच पडलेलं नाही ना?" मी हळूच विचारलं.

"पडलंय," तो म्हणाला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बेल्ट ठरला की तू निघशील. म्हणून ठरू देत नव्हतो."

मला राग यायला हवा होता. आला नाही, की आला आणि वाट चुकला, काय कळेना. रोज रात्री हा समोर बसून घरचा-बाहेरचा करत राहिला, आणि मीही त्याच्याबरोबर गोल गोल फिरत राहिले. मला तरी कुठे घाई झाली होती? खोकं फोडून तारीख बघायला एक सुरी पुरे होती.

"बाहेरचा बसवतेय," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. मग म्हणाला, "हेल्मेट माळ्यावर आहे. आल्यावर काढून देतो."

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले उद्या सकाळी घरीच येतो, तोवर गाडी जागची हलवू नका, संध्याकाळी तयार. मी फोन ठेवला. हाताला कणीक लागली होती, ती फोनलाही लागली. फ्रीज कण्हला, थरथरला, पण वर खुळखुळायला काही उरलं नव्हतं.

बुटकी चपला घेऊन आली होती. डावी उजव्या पायात, उजवी डाव्या पायात.

"आई, गाडी बरी होणार?"

"होणार."

"मग तू जाणार?"

"जाणार. आणि लगेच येणार."

तिने मान डोलावली. येण्याबद्दल तिला शंका नव्हती. कणकेतली एक आगगाडी तिने बोटाने पुढे नेली, फरशीच्या कडेपर्यंत, आणि तिथे रूळ संपले तसं माझ्याकडे पाहिलं.

"कुठे जाणार, आई?"