वरच्या मजल्याची शाळा

जिन्याच्या मधल्या वळणावर ठिणग्या उडत होत्या, म्हणून मिरचीबाईंना खालच्याच पायरीवर थांबावं लागलं. वेल्डरने डोळ्यांवरचा काळा चष्मा वर सरकवला. "बाई, जरा दमानं. दार बसवतोय."

"जिन्यात? कसलं दार?"

"जाळीचं, सरकतं. कुलूप लागेल असं."

"कुणी सांगितलं?"

"वरून सांगितलंय," तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

मिरचीबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. आवाज खणखणीत आणि राग नाकाच्या शेंड्यावर. पण एखाद्या पोराला पहिल्यांदा सलग ओळ वाचता आली की ह्याच बाई तोंड फिरवून रुमालात नाक शिंकरायच्या. त्या एका संस्थेत काम करत. शहरातल्या सरकारी शाळांमधल्या मुलांना भारी शाळांमधल्या मुलांइतकंच चांगलं शिकायला मिळावं म्हणून ही संस्था निघाली होती. तिच्या गाडीवर, पिशव्यांवर, इतकंच काय पेनांवरसुद्धा 'सगळ्यांना सारखं' असं छापलेलं असे. शिक्षकांना वाचन कसं शिकवायचं ते दाखवणं आणि मुलांच्या चाचण्या घेणं हे बाईंचं काम.

ही शाळा दुमजली होती. दोन वर्षांपूर्वी संस्थेने तिचा वरचा मजला चालवायला घेतला. भिंती रंगल्या, पुस्तकांची कपाटं आली, संगणक आले, थंड पाण्याचं यंत्र आलं, प्रत्येक वर्गाला आपला आपला शिक्षक मिळाला. आधी वरचा मजला, मग तेच सगळं खाली, असं ठरलं होतं. बाईंनी घरोघर फिरून पालकांना तसं सांगितलं होतं, स्वतःच्या तोंडाने. खालचा मजला मात्र होता तिथेच राहिला. गणिताचे सर निवृत्त झाल्यापासून त्यांची खुर्ची रिकामी होती. दोन वर्ग एका खोलीत पाठीला पाठ लावून बसवले होते, आणि एकच शिक्षिका कधी या फळ्यावर तर कधी त्या फळ्यावर खडू झिजवत होती.

बाई तडक मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरल्या. सगळी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणायची.

"दार मी नाही मागितलं," मोठ्या बाईंनी आधीच हात झटकले. "तुमच्या दादांचा निरोप आला. खालची मुलं पाणी प्यायला वर जातात, पुस्तकं चाळत बसतात, वर्गाबाहेर घोळका करतात. पुढच्या आठवड्यात देणगी देणारे पाहुणे यायचेत. शिस्त दिसली पाहिजे म्हणे."

"तहान लागणं हा बेशिस्तपणा कधीपासून झाला?"

"माझ्यावर कशाला डाफरता? शाळेला टाळं लागायची वेळ आली होती. तुमच्या लोकांनी निम्मी तरी वाचवली. मी निम्मीला हो म्हटलं."

यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच बाईंचं डोकं आणखी तापलं.

दादा म्हणजे संस्थेचे संचालक. वयाने बाईंपेक्षा लहान, पण संस्थेत सगळेच एकमेकांना ताई-दादा म्हणत. ते कधी आवाज चढवत नसत. समोरच्याचा चढला की त्यांचा आणखी खाली उतरायचा, आणि मग ओरडणारा माणूस आपोआप अडाणी ठरायचा.

"बसा ताई. पाणी घ्या," बाई तडक संस्थेच्या कचेरीत येऊन थडकल्या तेव्हा ते म्हणाले.

"पाण्याबद्दलच बोलायला आलेय. खालच्या पोरांनी पाणी कुठे प्यायचं?"

"त्यांच्या नळावर. ताई, वरचा मजला हा आपला नमुना आहे. त्यात सरमिसळ झाली तर आपल्या कामाचा परिणाम आपण दाखवणार कसा?"

"पोरं म्हणजे सरमिसळ?"

"शब्दात पकडू नका. निकाल चांगला दिसला तर आणखी शाळा मिळतील. हळूहळू सगळ्यांपर्यंत पोचू."

"निकाल चांगला दिसतो कारण जी पोरं अडखळतात त्यांना परीक्षेच्या तोंडावर आपण खाली ढकलतो."

दादांनी पेन खाली ठेवलं. "ढकलत नाही. त्यांना त्यांच्या गतीने शिकता यावं म्हणून हलवतो."

"खाली शिकवायला माणूस नाही. कुठल्या गतीने शिकणार?"

"पण चाचणी तर तुम्हीच घेता ना, ताई?" दादा अगदी मऊ आवाजात म्हणाले.

चाचणी त्याच घेत होत्या. कोण कुठे अडतो ते कळलं की त्याच्याकडे जास्त लक्ष देता येईल, असं धरून घेत होत्या. पहिल्यांदा काही मुलं वरून खाली गेली तेव्हा त्यांनी विचारलंही होतं. तेव्हाही असंच मऊ उत्तर मिळालं होतं, आणि बाईंनी ते गपचूप गिळलं होतं. आता ते आतल्या आत पेटलं. खुर्ची मागे लोटून त्या उठल्या आणि बाहेर पडल्या. शिपायाने नंतर सांगितलं की बाई गप्प राहून गेल्या तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे त्याला कळलं.

संध्याकाळी घरी धाकटी नणंद मुलीला घेऊन बसलेली होती. ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. तिची मुलगी चिमी खालच्या मजल्यावर सहावीत होती. बाईंनी ठरवलं असतं तर चिमीला वर जागा मिळाली असती. पण ओळख लावायची नाही हा बाईंचा हट्ट होता, आणि नणंदेनेही कधी शब्द टाकला नव्हता.

"वहिनी, जिन्यातलं ते दार तुमच्या संस्थेचंच ना?"

"हो."

"मग ठीक आहे. मला वाटलं परक्या कुणी लावलं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. चिमीची गल्लीतली मैत्रीण वर शिकत होती. ती वरून गोष्टीचं पुस्तक आणायची आणि मधल्या सुट्टीत दोघी जिन्यात बसून ते वाचायच्या. आज दार लागलं म्हणून मैत्रिणीने पुस्तक जाळीतून बाहेर दिलं. ते रखवालदाराने पाहिलं. त्याने चिमीच्या हातातून पुस्तक ओढलं, तिला सगळ्या शाळेसमोर उभं केलं आणि विचारलं, कुठून चोरलंस?

"मी चोर नाही, मामी," चिमी म्हणाली. ती रडत नव्हती. "त्यांना सांग, तुमची पुस्तकं तुमच्याकडेच ठेवा. मला नको."

वाचायला शिकवणाऱ्या बाईच्या घरात, तिच्याच भाचीने, पुस्तक नको म्हटलं होतं. मिरचीबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचं भांडं इतक्या जोरात आपटलं की नणंद म्हणाली, "भांड्याने काय केलंय?"

रविवारी बाईंनी दोन्ही मजल्यांच्या पालकांना शाळेच्या अंगणात बोलावलं. संस्थेला विचारलं नाही. मोठ्या बाईंनी फाटकाची किल्ली दिली आणि आपल्याला काही माहीत नाही असं सांगून त्या घरी गेल्या.

सगळे एकाच वस्तीतले, एकाच नळावर भांडणारे लोक. पण त्या सकाळी ते कुणी न सांगता अंगणाच्या दोन बाजूंना उभे राहिले. वरचे एकीकडे, खालचे एकीकडे.

पहिल्यांदा बोलला तो टेम्पोवाला. त्याचा मुलगा वर होता. "दार राहू दे, बाई. माझं पोरगं घरी येऊन मला समजावून सांगतं, पृथ्वी कशी फिरते, ग्रहण कसं लागतं. आमच्या खानदानात कुणी कुणाला असलं काही सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वर सोडलंत तर वरचंही खालच्यासारखं होईल. मग कुणालाच काही नाही."

"आणि आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय?" पलीकडून नणंद कडाडली.

"चाचणी पास करा आणि या वर."

"तुझं पोरगं नशीबवान म्हणून तू शहाणा?"

मग जो तो बोलायला लागला. बाईंना टेम्पोवाल्याचा असा राग आला की त्याला चार शब्द सुनावायला त्यांनी तोंडही उघडलं. पण त्याचा हात दिसला. त्याने बाजूला उभ्या असलेल्या पोराचं मनगट घट्ट धरलं होतं, कुणीतरी आत्ता ओढून नेईल असं. बाईंचा राग त्या माणसावरून उडाला आणि जिथे जायला हवा तिथे गेला. एवढंसं काहीतरी दोघांमध्ये टाकून लोकांना आपसात झुंजवणारे आज इथे नव्हतेच. ते पाहुण्यांसाठी फुलांचे गुच्छ सांगत असतील.

"ऐका," बाई म्हणाल्या. मिरचीबाईंचा आवाज लागला की सगळं अंगण गप्प व्हायचं, तसं झालं. "वर गेलेलं पोरगं वरच राहतं असं समजू नका. जे अडखळतं त्याला परीक्षेच्या आधी खाली पाठवतात, म्हणजे निकाल चकचकीत राहतो. त्या चाचण्या मी घेतल्यात, म्हणून मला माहीत आहे. त्यांचं काय होतं ते मी तेव्हाच विचारायला हवं होतं. दार बसलंय ते फक्त खालच्यांसाठी नाही."

टेम्पोवाल्याने पोराचं मनगट सोडलं. "म्हणजे माझं उद्या अडलं तर?"

"तर तेही जाळीच्या अलीकडे."

मागून एक बाई पुढे आली. लोकांच्या घरी धुणंभांडी करणारी. "माझ्या मुलाला असंच खाली आणलं," ती म्हणाली. "मला सांगितलं, त्याला तिथे मोकळं वाटेल. मी त्यांचे आभार मानून आले." ती रागावून बोलली नाही. पण त्यानंतर अंगणात कुणाला आपापल्या बाजूला उभं राहावंसं वाटेना.

पाहुणे आले त्या दिवशी जिना भरलेला होता. खालच्या पायरीपासून जाळीच्या दारापर्यंत पालक बसले होते, दोन्ही मजल्यांचे, मांडीला मांडी लावून. घोषणा नाहीत, फलक नाहीत. नणंदेने पगार कापून घेऊन सुट्टी टाकली होती.

दादांनी बाईंना बाजूला घेतलं. "ताई, त्यांना उठवा. तुमचं ऐकतील."

"ऐकतील. म्हणूनच उठवणार नाही."

"याचा परिणाम काय होईल माहीत आहे?"

"माझ्या नोकरीचा? तो झाला असं समजा."

पाहुण्यांमधल्या एका वयस्क बाईंनी टेम्पोवाल्याला विचारलं की तुम्ही इथे का बसलात. तो उठला नाही. "वरचं तुम्हाला दाखवतीलच. आधी खालचं बघून या."

त्या गेल्या. दादा मागोमाग, वाटेत काहीतरी सांगत. पाठीला पाठ लावून बसलेले दोन वर्ग त्यांनी पाहिले, मध्ये अवघडून उभी असलेली शिक्षिका पाहिली. गणित कोण शिकवतं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मुलांनी रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं आणि कुणीतरी फिसकन हसलं. पाहुण्या बाई दादांकडे वळल्या. मिरचीबाईंना वाटलं, आता या काहीतरी बोलतील.

"आम्ही विचार करून कळवू," त्या म्हणाल्या.

कळवलं ते असं, की या शाळेतलं वातावरण कामाला पोषक नाही. संस्थेने मजला सोडला. बाईंना कामावरून काढलं, तेही मऊ शब्दांत. महिनाअखेरीला ट्रक आला. संगणक गेले, पाण्याचं यंत्र गेलं. जाळीचं दारसुद्धा संस्थेची मालमत्ता म्हणून कापून नेलं. माणसं पुस्तकांच्या कपाटांकडे वळली तेव्हा मात्र मोठ्या बाई आडव्या उभ्या राहिल्या.

"कपाटं भिंतीत ठोकलेली आहेत, आणि भिंत माझ्या शाळेची आहे," त्या म्हणाल्या. "भिंत न्यायची असेल तर खात्याची परवानगी आणा." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी निम्म्याला नाही म्हटलं होतं. माणसं कपाटं सोडून गेली.

ट्रक कोपऱ्यावर वळला तसा टेम्पोवाला बाईंसमोर येऊन उभा राहिला. डोळे लाल झाले होते. "तुमच्या रागापायी माझ्या पोराचं सगळं गेलं."

बाईंना खूप काही म्हणता आलं असतं. "हो, गेलं," त्या म्हणाल्या. "तुमच्या पोराचं गेलं आणि खालच्यांना काही मिळालं नाही. मलाही झोप लागत नाही त्याने. उद्या मी शिक्षण खात्यात जातेय, गणिताचा शिक्षक मागायला. शिव्या द्यायच्या असतील तर वाटेत द्या."

दुसऱ्या दिवशी तो टेम्पो घेऊन फाटकाशी हजर होता. तोंड फुगलेलं. मागे दोन्ही मजल्यांच्या बाया दाटीवाटीने चढल्या आणि कुणाचा पाय कुणावर पडला यावरून खात्याच्या दारापर्यंत भांडत गेल्या.

कारकुनाने सांगितलं, साहेब बैठकीत आहेत. मग सांगितलं, साहेब जेवायला गेलेत.

"जेवू द्या सावकाश," नणंद म्हणाली. "आम्ही डबे आणलेत." आणि त्या सगळ्या व्हरांड्यात फरशीवर बसल्या. असं त्या पुन्हा पुन्हा जाऊन बसल्या, साहेबांना मागच्या दाराने जायचा कंटाळा येईपर्यंत.

शेवटी गणिताच्या शिक्षिका आल्या. तरुण, हुशार, मुलांना आवडणाऱ्या. पण त्यांना दुसऱ्या शाळेतही शिकवायचं होतं, म्हणून इथे आठवड्याचे तीनच दिवस. वर्ग आता दोन्ही मजल्यांवर पसरले होते, सगळी मुलं मिसळली होती आणि रोज कुरबुरी होत होत्या. चिमी अजून पुस्तकांच्या कपाटाकडे फिरकत नव्हती. मैत्रीण मात्र तिच्या शेजारी बसून मोठ्याने वाचायची, आणि चिमी ऐकत नसल्यासारखं करून ऐकायची.

मोठ्या बाईंनी मिरचीबाईंना मुद्दाम बोलावून बातमी दिली. त्या खूश होत्या. "तीन दिवस का होईना, मिळाले की नाही?"

"आणि उरलेल्या दिवशी?" बाई म्हणाल्या. "त्या दिवशी काय बेरजा बंद असतात?"

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. मिरचीबाईंनी टेम्पोवाल्याला फोन लावला आणि मंगळवारी गाडी मोकळी आहे का ते विचारलं.