एकच गुडघा

ताईचा उजवा गुडघा सुजला आणि ती मलाच शिकवायला लागली.

"संधिवात मला आहे की तुला? दुखणं उसळलंय, दुसरं काही नाही. गोळी जरा वाढवली की बसेल खाली."

माझी ही थोरली बहीण स्वतःला अर्धी डॉक्टर समजते. तिच्या शिवणाच्या दुकानात बायका मापं द्यायला येतात आणि गुडघेदुखीवर सल्ला घेऊन जातात. पण सांध्यात जंतू तर शिरले नसतील ना, असं मी तिला म्हटलं. तिचं दुखणं उसळतं तेव्हा दोन्ही मनगटं, दोन्ही गुडघे, सगळे मिळून छळतात. आज बाकीचे सांधे गप्प होते. हा एकटाच लालभडक, आणि हात लावावा तर तव्यासारखा तापलेला. तिला पाय टेकवत नव्हता.

"ताप बघितलास ना? नाहीये. जंतू असते तर ताप नसता आला?"

पण तिचे ओठ पांढरे पडले होते. मी तिला सरळ गाडीत घातलं. वाटेत तिने माझा उद्धार केला, तो मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिला.

डॉक्टरीणबाईंनी गुडघा बघितला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"ताप नाही यावर जाऊ नका. तुमच्या गोळ्या सूज दाबतात, तसा तापही दाबतात. रक्तातला सुजेचा आकडा तर संधिवात उसळला तरी वाढतो आणि जंतू शिरले तरी. आतलं पाणी काढून बघावंच लागेल."

"आणि जंतू निघाले तर?" मी विचारलं.

"उशीर झाला तर सांधा जातो. कधी माणूसही."

ताईने आपणहून पाय पुढे सरकवला.

सुईतून आलं ते पाणी नव्हतंच. दाट, गढूळ, पुवासारखं. बाईंनी ते लगेच तपासणीला पाठवलं. "निकालाची वाट बघत बसायचं नाही. औषध आत्ताच शिरेतून सुरू करायचं, आणि गुडघा आजच ऑपरेशन करून धुवायचा," त्या म्हणाल्या. "गोळी वाढवली नव्हती ना? तिच्यामुळे जंतूंना रान मोकळं मिळतं."

"छे! मी रोजची तेवढीच हातावर ठेवते. डबी माझ्याकडे असते," मी ठणकावून सांगितलं.

ताई खाली बघत होती.

"दुकानात दुसरी डबी आहे," ती म्हणाली. "दुखायला लागल्यापासून दुप्पट घेतेय. मला वाटलं, नेहमीचंच आहे."

अस्सा राग आला! तिला गदागदा हलवावंसं वाटलं. तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं.

तिने माझा हात घट्ट धरला. "पाय राहील ना गं?"

"राहील, न राहायला काय झालं?" मी म्हटलं. डॉक्टरीणबाईंकडे बघायची मात्र माझी हिंमत झाली नाही.