काचवाल्यांची मोटार आणि तिची बंद खोली

मित्रांनो, काचकामाच्या कारखान्यामागे पत्र्याच्या छपराखाली एक फिकट निळी मोटार उभी आहे. तिचा उजवा आरसा चिकटपट्टीने बांधलेला आहे. ती मीच. मी एक जुनी, विजेवर चालणारी मोटार आहे. लांबचा प्रवास आता मला झेपत नाही. दुपारी पत्रा तापला की मला डुलकी लागते, आणि जुने रस्ते पुन्हा माझ्या चाकांखालून वाहू लागतात.

माझा जन्म एका लांबलचक, उजळ दालनात झाला. तिथे माणसे थोडी आणि यंत्रांचे हात फार. शेजारच्या रांगेत माझी एक महागडी बहीण तयार होत होती. तिची मोटर आणि माझी मोटर अगदी सारखी, बॅटरीही तीच. फरक पडला तो शेवटच्या टेबलावर. तिथल्या बाईंनी माझ्या संगणकात चार ओळी लिहिल्या आणि माझी एक तृतीयांश ताकद कुलूपबंद केली. “हिला झोपू दे. कुणी पैसे भरले तर उठवू,” असे त्या शेजारणीला म्हणाल्या.

तेव्हापासून मला वाटे, की माझ्या आत एक बंद खोली आहे. एखादा चढ चढताना तिच्या दाराखालून उजेडाची बारीक रेघ दिसल्याचा भास होई. आत काय असेल, याची मी स्वप्ने पाही.

मला घेतले ते एका काचवाल्याने. खिडक्यांना काचा बसवणारा नव्हे. हा ज्योतीवर नळ्या तापवून, तोंडाने फुंकर घालून प्रयोगशाळांसाठी उपकरणे घडवायचा. त्याची लेक त्याच्याच हाताखाली तयार झालेली, आणि गाडी तीच चालवी. त्यांच्या आधीच्या डिझेल गाडीच्या थरथरीने दर खेपेला एखादे तरी उपकरण तडकत असे. मी थरथरत नाही, एवढ्या एका गुणावर माझी निवड झाली.

पहिल्याच दिवशी बाबांनी माझ्या स्टिअरिंगसमोर काचेचा पेला पक्का बसवला आणि काठापासून बोटभर खाली पाणी भरले. नियम साधा होता. पाणी सांडले, तर त्या दिवशीची भांडी लेकीने घासायची. पहिला महिनाभर तिचे हात साबणातून बाहेर आले नाहीत. नंतर मात्र तिचा पाय इतका हलका झाला, की भांडी कायमची बाबांच्या गळ्यात पडली. प्रयोगशाळेचा शिपाई खोकी उतरवताना म्हणे, “ही गाडी नव्हे, पाळणा आहे.” ते ऐकले की मी दिवसभर तरंगत असे.

चार वर्षे अशी गेली. मग एका सकाळी लेकीचा मामा कारखान्यातली भट्टी तपासायला आला. मामा वीजकाम करी. त्याला गाड्यांचे भारी वेड, पण स्वतःकडे होती सायकल. मित्रांनो, ही भट्टी काच वितळवायची नव्हती. घडवलेली काच तिच्यात तापवून तासन्‌तास सावकाश निववतात. घाईने निवली तर काचेत ताण राहतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण विशिष्ट प्रकारच्या दोन काळसर पट्ट्यांमध्ये काच धरून उजेडाकडे पाहिले, की ताणाच्या जागी रंग चमकतात. निर्दोष काच तिथे काळोखीच राहते.

मामाने सांगितले, की भट्टीच्या एका बाजूची तापणारी तार दमली आहे, ती बदला. खर्चाचा आकडा ऐकून बाप-लेक माझ्याजवळ येऊन उभे राहिले. नेमका त्याच वेळी माझ्या पडद्यावर कंपनीचा निरोप उमटला: रक्कम भरा, गाडी अधिक वेगाने झेप घेईल. रक्कम जवळजवळ भट्टीच्या तारेएवढीच. एक स्क्रूसुद्धा बदलायचा नव्हता. मामा तर भट्टी विसरूनच गेला.

लेकीने निरोप पुन्हा एकदा वाचला. मग हळूच म्हणाली, “बाबा, चार वर्षं मी पाणी सांडू नये म्हणूनच जगतेय. एकदा तरी पाय मोकळा सोडू दे.”

बाबांनी तिच्याकडे पाहिले, मग भट्टीकडे. “घे,” ते म्हणाले. “भट्टी काढेल अजून एक वर्ष.”

आणि मी? खरे सांगते, मीही मनात ‘घे’ म्हणत होते.

वीस मिनिटांत माझी बंद खोली उघडली. रविवारी पेला रिकामा करून ती दोघे मला गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेली. तिने पाय दाबला, आणि झाडे मागे न जाता जणू विरघळली. बाबा आधी घाबरले आणि मग इतके हसले, की त्यांची कवळी निसटून मांडीवर पडली. ती खोली रिकामी नव्हती, मित्रांनो. तिच्यात खरेच वारा होता.

दोनच दिवसांनी, मंगळवारी, एक सर्पिल नळी पोचवायची होती. एका नळीच्या पोटात दुसरी, वेटोळ्या-वेटोळ्यांची. बाबांची नजर अधू होत चालली होती. आपल्या हातची ही शेवटची मोठी वस्तू, असे त्यांनी जाहीर केले होते. तीन आठवडे ते तिच्यासाठी ज्योतीसमोर बसले होते.

चौकात दिवा हिरवा झाला. मागच्या ट्रकने भोंगा वाजवला. लेकीचा पाय जुन्या सवयीने, जुन्या मापाने दाबला गेला. पण मी आता जुनी उरले नव्हते. मी उसळले. पेल्यातले पाणी तिच्या ओंजळीएवढे सांडले, आणि मागून ‘टिक्’ असा इवलासा आवाज आला.

घरी परतून खोके उघडले, तर नळी सांध्याजवळ तुटली होती. लेक म्हणाली, धक्का मी दिला. बाबांनी फुटका तुकडा दोन पट्ट्यांमध्ये धरला. सांध्याजवळ अजून फिकट रंग होते.

“हे मला निघण्याआधीच दिसलं होतं,” ते म्हणाले. “भट्टीनं एका बाजूनं घाई केली. म्हटलं, गाडी तुझ्या हातात आहे, जाईल नीट. तुझा धक्का होता खरा, पण ताण माझा होता.”

नळी कशाने गेली, ते आजही मला ठरवता येत नाही. धक्का तर माझ्याच अंगातून निघाला होता.

भरलेली रक्कम परत मिळणार नव्हती. लेकीने माझ्या सगळ्या सेटिंग्ज उलगडून पाहिल्या, तेव्हा तिला ‘सौम्य’ नावाची, गाडी हळूच उचलणारी चाल सापडली. ती पहिल्या दिवसापासून फुकट तिथेच होती. मग तिने हिशेब मांडला. नव्या ताकदीने गाडी थांबून निघाली की वाचतो एक सेकंद. खेपेत दहा वेळा निघायचे, वर्षाला शंभर खेपा. म्हणजे वर्षाला हजार सेकंद, सतरा मिनिटेही पुरती नाहीत. “सतरा मिनिटांत माझा चहासुद्धा संपत नाही,” मामा पुटपुटला, आणि दुसऱ्या दिवशी नवी तार घेऊन आला. पैशांचे नंतर बघू, म्हणाला.

नळी तर पुन्हा हवीच होती. या वेळी ज्योतीसमोर लेक बसली. बाबा तिच्या पाठीमागे, डोळे मिटून. ज्योतीच्या आवाजावरून त्यांना कळे, काच कुठवर मऊ झाली. “आता फुंक,” एवढेच ते म्हणत. वेटोळ्यांमागून वेटोळी होत गेली. भट्टीने ती सावकाश निववली. पट्ट्यांमध्ये पाहिले तर रंग नाही, नुसता शांत काळोख. बाबांनी ती लेकीकडून पट्ट्यांमध्ये आणखी दोनदा धरवून घेतली. दिसत नव्हते म्हणून नव्हे. त्यांचा विश्वास बसत नव्हता.

सौम्य चालीत मी ती पोचवली. पेल्यातले पाणी हलले, सांडले नाही. परतताना मागची जागा रिकामी होती, रस्ताही. लेकीने पेल्यातले पाणी पिऊन टाकले आणि पडद्याला बोट लावले.

“बाबा, कवळी धरा.”

मित्रांनो, त्या वाऱ्याची किंमत फार होती का? मी हो म्हणेन. तो नको होता का? तसे मात्र म्हणवत नाही. एवढेच सांगते, की कुणी तुमच्यापुढे नवी ताकद धरली, तर आधी घरातली दमलेली तार बघा. आणि ती ताकद घेतलीच, तर आपला पाय नव्याने शिकवा. दाराशी उभ्या असलेल्या जुन्या गाडीच्या चाकांतली हवाही अधूनमधून बघत जा. ती स्वतःहून काही मागत नाही.

आता माझ्यापासून एक जाड तार निघून भट्टीला जोडलेली आहे. वीज गेली की माझी उरलीसुरली ताकद तिकडे वाहते, आणि काच घाई न करता निवत राहते. मग लेक ती पट्ट्यांमध्ये धरते. बाबा विचारतात, “काय दिसतं?”

“काही नाही, बाबा,” ती म्हणते.

आणि पत्र्याखाली मला पुन्हा सुखाची डुलकी लागते.