ज्योत तेवढीच होती

मित्रांनो, मी एक जुना रेग्युलेटर आहे. तुमच्या घरी सिलिंडरच्या डोक्यावर टोपीसारखा बसतो, तो माझा धाकटा भाऊ म्हणा. मी अंगाने थोराड. काचकामाच्या एका छोट्या कारखान्यात, भिंतीवरून जाणाऱ्या गॅसच्या नळीत माझी जागा आहे.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला आणि माझं पोट तयार झालं. पोटात एक रबरी पडदा बसवला, पडद्यावर स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या डोक्यावर स्क्रू. सिलिंडरमधून गॅस धसमुसळेपणाने येतो. मी त्याला अडवायचं आणि बर्नरला लागेल तेवढाच, एकसारखा पुढे सोडायचं. स्क्रू आत पिळला की दाब वाढतो, सैल केला की उतरतो. ऐकायला हे सोपं वाटतं, पण ते चोख झालं नाही तर माणसं भाजतात.

खोक्यात बरेच दिवस काढल्यावर एका सकाळी मला इथे आणलं. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली, एक टेबल, टेबलावर बर्नर आणि कोपऱ्यात काचेच्या नळ्यांच्या मोळ्या. मागच्याच दोन खोल्यांत बापलेक राहत. वडील काच फुंकून प्रयोगशाळेची भांडी करायचे. चंबू, नरसाळी, नागमोडी नळ्या. मुलगी नळ्या कापायची, माल बांधायची आणि गिऱ्हाइकांकडे पोचवायची.

मला बसवायला आलेला फिटर भारी बडबड्या होता. आधी त्याने मुख्य चावी बंद केली. जुन्या नळीत हवा मारली, तर आतून गंजाचा भुगा आणि एक मेलेलं झुरळ बाहेर पडलं.

"हे याच्या पोटात गेलं असतं ना ताई, तर वर्षभर माझ्या नावाने शंख केला असता तुम्ही," तो मुलीला म्हणाला.

माझ्या अंगावरचा बाण गॅस जाण्याच्या दिशेला आहे ना, हे त्याने पाहिलं. धूळ-पाणी जाऊ नये म्हणून माझं श्वासाचं भोक खालच्या बाजूला केलं. स्क्रू पार सैल केला आणि मगच मुख्य चावी अगदी हळूहळू उघडली. जोडांवर साबणाचा फेस लावला; कुठेच बुडबुडा फुगला नाही. शेवटी बर्नरची चावी उघडून, लायटर तयार धरून आणि दाब दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवून त्याने स्क्रू थोडा थोडा पिळला. ज्योत निळी, टोकदार झाली, स्थिरावली, तसा त्याने नट आवळून वर टोपण बसवलं.

"पुन्हा कधी हात लावायची वेळ आलीच, तर बर्नर पेटलेला हवा आणि डोळा काट्यावर हवा. अंदाजपंचे काही करायचं नाही."

"मी कशाला जाते हात लावायला? नळ्यांनीच माझा जीव नकोसा केलाय," ती हसली.

वडील तोवर ज्योतीत नळी धरून बसलेही होते. "वा! लोण्यासारखी वितळतेय," ते म्हणाले. त्या एका शब्दावर मी कितीतरी वर्षं काढली.

ती वर्षं खरंच छान गेली. वडिलांच्या गालांत हवा भरायची, काचेचा लालसर गोळा फुगत जायचा आणि बघता बघता त्याचा चंबू व्हायचा. मी भिंतीवरून बघत राहायचो.

मग एक दिवस ते म्हणाले, "ज्योत मंद वाटतेय गं. जरा वाढव."

मुलीने काटा पाहिला. तो जिथल्या तिथे होता. तरी तिने टोपण काढून स्क्रू किंचित पिळला. ज्योत फुरफुरली, तशी तिने घाबरून पुन्हा होता तसा केला. दुसऱ्या दिवशी तीच तक्रार. फिटरला बोलावलं. त्याने माझं पोट उघडलं, पडदा पाहिला, जाळी झटकली. "याला काही झालेलं नाही, काका," तो म्हणाला. वडील त्याच्यावरच उखडले. "मग मला काय वेड लागलंय?"

त्यानंतर एकदा त्यांनी नुकतंच केलेलं नरसाळं टेबलावर ठेवलं. म्हणजे त्यांना वाटलं, टेबलावर ठेवलं. ते काठाच्या बाहेर ठेवलं गेलं होतं. काचा झाल्या. मुलगी त्या काचांकडे बघत राहिली. मग तिने केरसुणी बाजूला टाकली आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

परत आल्यावर वडील स्टुलावर बसून म्हणाले, "काचबिंदू म्हणे. जन्मभर काच हाताळली, आता तीच डोळ्यात गेली." ते हसले. तिला हसू आलं नाही. डोळ्यांतला दाब कधीपासून वाढलेला होता आणि त्याने आतली नस सुकत चालली होती. गेलेली नजर परत येणार नव्हती.

तरी ते कामाला बसत. तरी म्हणत, "वाढव गं." मग ती पाना घेऊन माझ्याकडे यायची, टोपणावर दोनदा ठकठक करायची आणि स्क्रूला हातही न लावता म्हणायची, "वाढवलं हं बाबा."

"हां. आता बरं आहे."

मित्रांनो, माझ्याजवळ उभी राहून ती ओठ घट्ट मिटून घ्यायची, ते फक्त मला दिसायचं.

एका दुपारी ती माल पोचवायला गेली होती. वडील भिंत चाचपत माझ्यापाशी आले. त्यांनी टोपण काढलं, नट सैल केला आणि बर्नर बंद असतानाच स्क्रू पिळत गेले. काटा चढत होता. तो त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी बर्नर उघडून लायटर ओढला. ज्योत भडकून वर उडाली, त्यांच्या भुवया आणि मनगट भाजलं आणि ती विझली. गॅस मात्र येतच राहिला. लायटर हातातून पडला होता. ते गुडघ्यांवर बसून तो जमिनीवर शोधू लागले. हवेहून जड असलेला गॅस तिथेच, खाली साचत होता.

लायटर त्यांच्या बोटांना लागला आणि दार उघडलं.

"बाबा! ओढू नका! हात तसाच ठेवा!"

ती धावत मुख्य चावीकडे गेली. चावी बंद केली, दारं-खिडक्या सताड उघडल्या. दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. त्यांना धरून गल्लीत आणलं आणि पायरीवर बसवलं. बराच वेळ दोघं धापा टाकत होती. उघड्या दारातून मला त्यांचा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"तू वाढवतच नव्हतीस ना कधी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग मला बरं कसं वाटायचं गं?"

तिने त्यांच्या मुठीतला लायटर काढून घेतला.

कारखाना बंद झाला. सिलिंडर परत गेले. फिटरने माझं रबर बोटाने दाबून पाहिलं आणि मान हलवली. मला आता दुसरीकडेही बसवता येणार नाही. रिकाम्या नळीत मी तसाच आहे. मुलगी कुठल्याशा गोदामात कामाला जाते. निघण्याआधी या खोलीतल्या उजेडात ती त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालते.

"कशाला? बघायचं ते बघून झालंय," ते म्हणतात.

"मान वर करा, बाबा," ती म्हणते.

थेंबांनी उरलेली नजर थोडी टिकेल, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. हल्ली डॉक्टर त्याहूनही कमी बोलतात.

मित्रांनो, गॅसचा दाब अंदाजाने कधी वाढवू नका. जाणत्या माणसाला बोलवा. आणि तुमच्या घरात कुणी दिवा मंद झालाय म्हणालं, तर दिव्याकडे बघता बघता त्यांच्या डोळ्यांकडेही बघा. डोळ्यांतला हा दाब वाढताना बहुतेक वेळा दुखत नाही, वाजत नाही, त्याला काटाही नसतो. त्यांना लगेच डॉक्टरांकडे न्या. आमच्याकडे मात्र सगळे माझ्याकडेच बघत राहिले.