दुसरा ठोका

"अरे, तू कपाटात शिरलास की कपाटानं तुला गिळलं?" खालच्या खोलीतून भावजींचा आवाज आला.

मी ताईच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या भिंतीतल्या कपाटात गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो. इंटरनेटची वायर खालच्या खोलीत न्यायची म्हणजे स्लॅबला आरपार भोक पाडायचं, आणि बाकी सगळीकडे ताईची लाडकी नवी फरशी. वीस वर्षं मी हेच करतोय. जिथे मांजरसुद्धा नको म्हणेल तिथे शिरायचं आणि भोकं पाडायची.

या कामाची एक रीत आहे. वरचा माणूस ड्रिल चालवतो, खालचा छताला तळवा लावून थरथर कुठे येतेय ते शोधतो. तिथे पाइप नाही, जुनी वायर नाही, हे बघतो आणि छतावर एक ठोका देतो. म्हणजे, जागा सापडली, थांब. मग तो हात काढून बाजूला होतो आणि काठीनं दुसरा ठोका देतो. त्या दुसऱ्या ठोक्याशिवाय शेवटचा इंच पाडायचा नाही. हे मला भावजींनीच शिकवलं. कामालाही त्यांनीच लावलं.

अकरा वर्षांपूर्वी एका ऑफिसात मी जिन्याखालच्या पोकळीत असाच अडकून बसलो होतो. मान आखडलेली, पायाला मुंग्या आलेल्या, नाकातोंडात सिमेंट. खालून भावजींचा एक ठोका आला. दुसऱ्याची वाट बघायचा मला कंटाळा आला. बस, एवढंच. मी जोर दिला.

भावजींच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं त्या दिवसापासून वळत नाहीत.

दवाखान्यात ठेकेदारानं मला विचारलं, "ठोके किती ऐकलेस?"

"दोन," मी म्हणालो. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

भावजी खाटेवरून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग मीच घाईत दोनदा ठोकलं असेन."

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. एक दिवस गेला, मग वर्ष गेलं, आणि खोटं अंगवळणी पडलं. भावजी आता एका दुकानात बसून फोन घेतात. त्यांच्या हातून कप निसटला की ताई अजूनही म्हणते, "धांदरटपणा मेला तुमच्या रक्तातच आहे!" ते हसतात. मी तिथेच बसून चहा पितो. लाज वाटते, तरी पितो.

आज मी दारात पाऊल ठेवलं तोच ताईनं सुरुवात केली. "समजाव रे जरा यांना. ट्रेनिंग सेंटरवाल्यांनी हेच काम शिकवायला बोलावलंय. नुसतं बोलायचं काम, हातामुळे काही अडत नाही. तर उद्या नाही म्हणून कळवणार म्हणे."

"ज्याला स्वतःचा हात सांभाळता आला नाही, त्यानं लोकांना काय शिकवायचं?" भावजी म्हणाले. "चल, वर चढ तू. खाली मी उभा राहतो."

ड्रिल सुरू केलं. धूळ उडाली, डोळ्यांत गेली. ठोका आला आणि मी बटणावरचं बोट काढलं. वाट बघितली. दुसरा ठोका आला, आणि पाठोपाठ भावजी ओरडले, "काढला रे हात!" पूर्वी ते असं कधी ओरडत नसत. त्यांचा आता स्वतःच्या ठोक्यावर विश्वास उरला नव्हता.

भोक आरपार गेलं. ड्रिलचं बिट बाहेर काढल्यावर खालचा उजेड दिसला.

"भावजी."

"हं?"

"त्या दिवशी एकच ठोका ऐकला होता मी. दुसऱ्यासाठी थांबलोच नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं."

खाली स्वयंपाकघरात ताई भांडी घासत होती.

"मला एकच आठवायचा," भावजी म्हणाले. "रोज आठवून बघायचो. म्हटलं, हाताबरोबर डोकंही गेलं आपलं."

"माफ करा, भावजी."

"ते राहू दे. मोठ्यानं बोल. तुझ्या ताईला ऐकू जाऊ दे."

मी तोंड भोकापाशी नेलं आणि सगळं पुन्हा ओरडून सांगितलं. कपाटात माझाच आवाज माझ्या कानांवर आदळत होता. खाली भांडी थांबली. नळ तेवढा वाहत राहिला, मग तोही बंद झाला.

"वायर सोड," भावजी म्हणाले.

मी सोडली. ती हातभर खाली गेली, थांबली, पुन्हा थोडी गेली. उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी ओढत असणार.

"आणा इकडे, मी ओढते." ताईचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"नको. जमतंय मला. तिकडे शिकवायला जाईन तेव्हा काय तू येणार आहेस?"

मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. खालून ओढ येईल तेवढी वायर सोडत मी कपाटात बसून राहिलो.