रुक्माबाईंचा धपाटा

मित्रांनो, मी एक जुना, पाठीला पोक आलेला टीव्ही आहे. डोंगरकडा या गावी भीमराजच्या घरी फळीवर बसून असतो. लोक मला ‘डबा’ म्हणतात. म्हणू देत. शेकडो सिनेमे मी दाखवले, पण त्यांतला एकही पाहिलेला नाही. माझे तोंड तुमच्याकडे असते ना! मी पाहिली ती फक्त बघणाऱ्यांची तोंडे.

बाळापूरच्या बाजारातून भीमराजने मला मोटारसायकलवर आणले. मागे बसलेल्या त्याच्या आईने, रुक्माबाईंनी, गोधडीत गुंडाळून मला मांडीवर धरले होते. खड्डा आला की माझ्याआधी त्याच कळवळायच्या.

या घरात रविवारी दुपारी सिनेमा लागायचा आणि तो संपला की प्रत्येकाने आपले मत सांगायचे, असा रिवाज होता. नात करुणा ती मते कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकोनात लिहायची. भीमराजचे मत ठरलेले, ‘मारामारी कमी’. रुक्माबाईंचे ऐकायला मात्र शेजारची भिकाबाईसुद्धा यायची. ‘हिरोपेक्षा त्याचे बैल शहाणे.’ ‘पोरगी एवढी रडली, पण काजळ न्हाई हाललं.’ सिनेमा चालू असताना तर त्या सरळ पडद्यावरच्या माणसांना हाका मारत, “आगं, मागं बघ, मागं!”

अधूनमधून माझे चित्र जायचे आणि आवाज तेवढा चालू राहायचा. मग रुक्माबाई उठत आणि माझ्या डाव्या कुशीवर असा धपाटा घालत, की चित्र धावत परत यायचे. दुसऱ्या कोणाच्या हाताला मी दाद दिली नाही. आहेच मी हट्टी.

पुढे घरात मोबाइल आले. रविवारी सगळे माझ्यापुढे बसत, पण माना खाली घालून. सिनेमा संपला की करुणा मान वर न करताच विचारी, “आज्जे, कसा होता?” आणि म्हातारी सांगेल ते लिहून टाकी.

यंदाच्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा शंका आली. रुक्माबाईंची नजर माझ्यावर नसायची, शेजारच्या भिंतीवर असायची. चहाची कपबशी त्या चाचपून उचलत. डोके ठणकते म्हणून कपाळाला फडके घट्ट बांधत. एकदा घरात कोणी नसताना भिकाबाईने विचारले, “रुक्माय, तुला दिसून राहिलं ना?”

“धूर धूर दिसते,” त्या हळूच म्हणाल्या. “पण कोणाला सांगू नको. तुझा डोळा दवाखान्यात गेला, ठाव हाय मला. मला न्हाई चिरून घ्यायचं. घे माझी शपथ.”

भिकाबाईने शपथ घेतली. आता हे गुपित रुक्माबाईंशिवाय फक्त भिकाबाईला आणि मला माहीत होते, आणि मला तोंड असून वाचा नव्हती. दर रविवारी ती नजर भिंतीवर आणखी दूर सरकताना मी पाहत होतो. जीव नुसता टांगणीला लागला होता.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझे चित्र गेले. आवाज चालूच होता. सनई वाजत होती. मी धपाट्याची वाट पाहू लागलो. रुक्माबाई जागच्या हलल्या नाहीत. उलट हसून म्हणाल्या, “नवरी काय साजरी दिसून राहिली!”

करुणाने मान वर केली. काळ्या पडद्याकडे पाहिले, मग आजीकडे.

“आज्जे, कोणत्या साडीत हाय गं नवरी?”

“हिरव्या की. दिसत न्हाई काय तुला?”

पोरगी उठली. कॅलेंडरची मागची पाने उलटू लागली. आज्जी : गाणं गोड. आज्जी : बाईचा आवाज खणखणीत. आज्जी : पाऊस लई वाजला. पाच महिने सगळे कानाचेच! तिच्याच हाताने लिहिलेले, आणि तिनेच कधी वाचले नव्हते.

“बाबा!” ती ओरडली. “आज्जीला दिसत न्हाई!”

गलका ऐकून भिकाबाई धावत आली. रुक्माबाई म्हणत होत्या, “मी न्हाई जाणार!” भिकाबाईने त्यांचा हात धरला. “रुक्माय, मी खोटं बोलले होते. माझा डोळा दवाखान्यानं न्हाई गेला. मी भिऊन वरीसभर गेलेच न्हाई, म्हणून गेला.”

त्याच दिवशी त्यांना नांदेडला नेले. मला बंद करून वर चादर टाकली. त्या अंधारात मला कोणी काही सांगेना. भिंतीपलीकडून एकदा एवढेच ऐकू आले, की उजवा डोळा गेला आणि डाव्याचे आता काही सांगता येत नाही.

पंधरा दिवसांनी रविवारी चादर निघाली. समोर काळ्या चष्म्यात रुक्माबाई बसल्या होत्या. सिनेमा सुरू झाला, आणि माझे मेले चित्र पुन्हा गेले! सगळे मोबाइल खाली ठेवलेले. सगळे माझ्याकडे नाही, म्हातारीकडे बघत होते.

त्या उठल्या. कशाला न अडखळता सरळ माझ्याकडे आल्या. माझ्या डाव्या कुशीवर फाडकन धपाटा बसला. मित्रांनो, एवढा गोड मार मी जन्मात खाल्ला नव्हता.

त्या रविवारच्या चौकोनात लिहिले आहे, आज्जी : नवरीच्या साडीला इस्त्री न्हाई.

आता माझे फार दिवस उरलेले नाहीत. खुशाल सिनेमे बघा, मोठ्या पडद्यावर बघा, मोबाइलवर बघा. पण मध्येच एकदा शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडाकडेही बघत जा. ते काम माझ्यावर टाकू नका. मला सगळे दिसते, पण सांगता येत नाही.