फिल्टर तीनचं पाणी

जलशुद्धीकरण केंद्रात एकवीस वर्षं फिल्टर सांभाळणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘मिस्तरी’ म्हणत. खरं तर तो ऑपरेटर होता; पण नाव चिकटलं ते चिकटलं. पाण्यावर त्याचा एवढा विश्वास, की घरी कधी उकळू दिलं नाही. वरच्या वस्तीत राहणाऱ्या थोरल्या बहिणीलाही तो तेच सांगे, “ताई, माझ्या हातचं पाणी आहे. उगाच गॅस कशाला जाळतेस?”

ताईला तीन वर्षांपूर्वी भावोजींनी स्वतःची किडनी दिली होती. त्या वेळी आपली किडनी जुळते का, या तपासणीला जायचं मिस्तरीने दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा काहीतरी काम निघालं. नंतर त्याला कुणी विचारलं नाही. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून ताईला रोज गोळ्या घ्याव्या लागत, आणि त्या गोळ्या तिची प्रतिकारशक्ती दाबून ठेवत. पाणी उकळूनच प्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वर्षभर तिने ते पाळलं. मग भावाच्या शब्दावर सोडून दिलं.

त्या मंगळवारी सकाळी मिस्तरीने तीन नंबरचा फिल्टर धुतला. धुतल्यावर पहिला अर्धा तास त्यातलं पाणी गटारात सोडायचं असतं, कारण वाळूतला सैल झालेला गाळ त्याबरोबर येतो. पण टाकीतली पातळी खाली गेली होती आणि साहेबांचा फोन आला. “वरच्या वस्तीला पाणी चढत नाहीये. लोक माझ्या डोक्यावर बसलेत. बघा काहीतरी.”

सातव्या मिनिटाला त्याने व्हॉल्व्ह फिरवून पाणी टाकीकडे वळवलं. गढूळपणाच्या मीटरवरचा आकडा वर गेला, थोडा रेंगाळला, खाली आला. क्लोरीन त्याने दोनदा तपासलं. चोख होतं. रजिस्टरमध्ये त्याने ‘तीस मिनिटं’ असं लिहिलं.

आठवड्याने वरच्या वस्तीत घरोघर जुलाब सुरू झाले. धडधाकट माणसं दहा-बारा दिवसांत सावरली. ताई मात्र झपाट्याने खंगत गेली. वीस-वीस वेळा उठायचं, मग उठणंही होईना. भावोजींनी तिला रुग्णालयात दाखल केलं.

मिस्तरी प्रयोगशाळेत रिपोर्ट आणायला गेला, तेव्हा तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी त्याला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. हिरव्या रंगावर बारीक गुलाबी ठिपके दिसत होते.

“क्रिप्टोस्पोरिडियम,” बाई म्हणाल्या. “एका पेशीचा परजीवी. गुराढोरांच्या शेणातून नदीत उतरतो, माणसांच्या मैल्यातूनही.”

“पण पाण्यात क्लोरीन असतं ना?”

“क्लोरीनला हा भीक घालत नाही. कवच जाड असतं. उकळलं तर मरतो, नाहीतर फिल्टरमध्येच अडवावा लागतो. तुमचं काम कसलं?”

“पाण्याचंच,” एवढं बोलून तो बाहेर आला.

डॉक्टरांनी सांगितलं, की औषध आहे, पण शरीराने साथ दिल्याशिवाय त्याचा फारसा उपयोग नाही. प्रतिकारशक्ती वाढायला हवी, तर गोळ्या कमी कराव्या लागतील. आणि गोळ्या कमी केल्या तर किडनी हातची जाईल.

“माणूस राहू दे,” भावोजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते वॉर्डाच्या मोरीत ताईचे कपडे धूत होते. मिस्तरी दारात उभा राहिला.

“भावोजी, ते पाणी मी सोडलं.”

“कुठलं पाणी?”

त्याने सगळं सांगितलं. भावोजी गाऊन पिळत राहिले, पाण्याचा थेंब पडायचा थांबला तरी.

“अर्धा तास थांबायचं, हे तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तिला उकळू नको म्हणालास.”

“हो.”

नळाखालची बादली भरून वाहू लागली. भावोजींनी नळ बंद केला. “तिच्याजवळ जाऊन बस. तिला उठवायला दोघं लागतात. आणि हे तिला मी सांगेन, तू नाही.”

चौकशी लागली, तेव्हा साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. “रजिस्टरमध्ये तीस मिनिटं लिहिलंय. मग कशाला आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेता? पाइप फुटला असेल कुठेतरी.”

मिस्तरीने चौकशीत सात मिनिटं सांगितली. फोनबद्दलही सांगितलं. फोनचा पुरावा नव्हता; साहेब नामानिराळे राहिले. मिस्तरीची बदली पाणीमीटरच्या गोदामात झाली. पण तेव्हापासून प्रत्येक फिल्टर धुताना दुसऱ्या माणसाची सही लागू लागली.

सहाव्या आठवड्यात ताईचे जुलाब थांबले. किडनी वाचली नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. सोमवारी तिला न्यायचं काम मिस्तरीने मागून घेतलं. भावोजींनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. गाडीची किल्ली मात्र टेबलावर ठेवली.

पहिल्या सोमवारी ताई मागच्या सीटवर बसली. अर्धा रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती.

“ताई, काहीतरी बोल,” तो म्हणाला. “शिव्या घाल हवं तर.”

“त्यालाही ताकद लागते,” ती म्हणाली. “आत्ता तेवढी नाहीये. पुढे खड्डे आहेत, हळू घे.”

त्याने गाडी हळू घेतली.